सणाची देणगी आणि बाजाराचा भाव



आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगीं चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली, आणि विषय सुचविण्यांत आला तो 'सणांतील देणगी व खुला बाजार' असा. प्रथम मी जरा बिचकलों. देवालयाच्या अंगणांत बाजाराची कथा कशाला, असें कोणाच्याहि मनांत येईल. परंतु हें भाषण ज्या स्मरणिकेंत छापलें जाणार आहे तिचीं मागचीं पानें आपण चाळून पाहावीं. तेथें डाळीच्या गिरणीवाल्यांच्या, केळीच्या व्यापाऱ्यांच्या आणि सराफांच्या जाहिराती 'शुभेच्छुक' या नांवाखालीं असतील. ती रक्कम देणगी म्हणावी कीं जाहिरातीचें मोल म्हणावें, हें देणारालाहि नक्की सांगतां येणार नाहीं, आणि घेणाऱ्या मंडळींनीं तें विचारलेंहि नसेल. देणें आणि विकणें या दोन गोष्टी आपण समजतों तितक्या एकमेकींपासून दूर राहत नाहींत. म्हणूनच त्यांतील भेद कोठें आहे हें पाहणें अगत्याचें आहे.

जोएल वाल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९९३ सालीं नाताळच्या भेटवस्तूंवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यानें विद्यार्थ्यांना विचारलें कीं, तुम्हांला मिळालेल्या वस्तूची बाजारांतील किंमत काय असेल, आणि भावनेचें मोल वगळून ती तुम्हांला स्वतःला कितीची वाटते? उत्तरांवरून त्यानें असा हिशेब मांडला कीं, भेटींवर खर्च झालेल्या पैशाचा दहावा ते तिसरा हिस्सा वायां जातो. शंभर रुपयांची वस्तु घेणाऱ्याला ऐंशीचीच वाटली, तर मधले वीस रुपये कोणाच्याच पदरांत पडले नाहींत, असा त्याचा आशय. हा हिशेब हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. आपण आपल्याच घरचीं कपाटें उघडून पाहावीं. आहेरांत आलेलीं भिंतीवरचीं घड्याळें, पेल्यांचे संच, न उलगडलेले खण आणि टॉवेल-टोप्या एका लग्नांतून दुसऱ्या लग्नांत फिरत राहतात, वापर मात्र कोणीच करीत नाहीं. तथापि भावनेचें मोल त्यानें जाणूनबुजून बाजूला ठेवलें, आणि आपल्याला पाहावयाचें आहे तें नेमकें त्या बाजूला ठेवलेल्या गोष्टींत आहे.

आपल्या खानदेशांत तें पाहण्यास उत्तम दिवस म्हणजे आखाजीचा. इतरत्र जिला अक्षय्य तृतीया म्हणतात ती आपल्या सासुरवाशिणींना किती प्रिय, हें आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींचीं गाणीं वाचलेल्यांस सांगावयास नको. लेकी माहेरीं येतात, निंबाला झोके बांधले जातात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो, पितरांच्या नांवानें घागर भरली जाते. लेक परत निघाली कीं तिच्या ओटींत कांहीं ना कांहीं पडतेंच. आणि याच आखाजीला, त्याच घराच्या ओसरीवर, सालदाराचें जुनें साल संपून नवें ठरतें. वर्षाची रोख रक्कम किती, धान्य किती, कपडे आणि पायांतले जोडे मिळणार कीं नाहीं, यांवर घासाघीस होते. पटलें नाहीं तर सालदार शेजारच्या मळ्यांत जातो. आंत माजघरांत देणें चालू, बाहेर ओसरीवर सौदा चालू. आंत कोणी म्हणत नाहीं कीं, एवढें दिलेंत तर मी इतके दिवस राबेन. बाहेर सालदारानें 'आपण द्याल तें' असें म्हटलें तर त्याचे सोबतीच त्याला वेडा ठरवितात, आणि माझ्या मतें त्यांचें बरोबर आहे. पोप लिओ तेरावे यांनीं १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकांत मजुरीला दयेच्या नव्हे तर न्यायाच्या खात्यांत घातलें, आणि काटकसरीनें राहणाऱ्या कामकऱ्याचा निर्वाह होईल इतकी ती असलीच पाहिजे, मग करार कांहींहि झालेला असो, असें बजावलें.

हा भेद अंगाशीं कसा येतो तें मुंबईच्या गिरणीकामगारांनीं १९२४ सालीं पाहिलें. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून कांहीं वर्षें मिळत आलेला वार्षिक बोनस मालकांनीं बंद केला, त्यावरून मोठा संप झाला, आणि मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें कामगारांचा त्यावर हक्क पोंचत नाहीं असा निर्णय दिला. म्हणजे कामगार ज्याला कमाई समजत होते ती देणगी निघाली. आणि देणगी काय, देणाऱ्याच्या मर्जीची. तो हक्क आहे असें कायद्यानें म्हणण्यास १९६५ साल उजाडावें लागलें. दिवाळीच्या बोनसावर मुलांचे कपडे अवलंबून असणें म्हणजे काय, हें अमळनेर, धुळें, जळगांव येथील गिरणीकामगारांच्या घरांतून मला समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आतां माजघरांतल्या देण्याकडे पुन्हा वळूं, कारण तेंहि दिसतें तितकें निर्मळ नसतें. माझ्या आईपाशीं आहेराची एक वही होती. लग्नकार्यांत कोणीं काय दिलें याची तींत नोंद असे, आणि त्यांच्या घरीं कार्य निघालें कीं ती वही पाहून तितकेंच, किंवा किंचित् अधिक, परत जाई. तरुणपणीं मला त्या वहीची लाज वाटे. पुढें मार्सेल मॉस या फ्रेंच विद्वानाच्या १९२५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या निबंधाची ओळख झाली. देणें, स्वीकारणें आणि परतफेड करणें हीं तिन्ही बंधनें जगांतल्या कित्येक समाजांत एकत्रच चालतात, असें त्यानें दाखविलें आहे. तेव्हां माझी लाज ओसरली. ज्यांना पेढी दारांत उभें करीत नसे त्यांची ती वही हीच पेढी होती. मुलीच्या लग्नांत पंचवीस घरांनीं हातभार लावावा आणि पुढें वीस वर्षें तो फेडीत जावा, यांत अपमान कसला? परंतु एका वर्षीं आमच्या घरीं फार ओढ होती, आणि अगदीं जवळच्या नात्यांतील एका लग्नाला आई गेली नाहीं. तिनें प्रकृतीचें निमित्त सांगितलें. खरें कारण वहींत होतें. त्या दिवशीं सायंकाळीं ती अंधारांत बराच वेळ बसून राहिली होती, हें मला अजून आठवतें.

बाजारानें सण नासविले, असें व्यासपीठावरून वारंवार ऐकूं येतें. मला तें सर्वस्वीं पटत नाहीं. सातपुड्याच्या पायथ्याशीं चोपडें, यावल, शिरपूर या भागांत होळीच्या आधीं भोंगऱ्या बाजार भरतो. आपल्यापैकीं पुष्कळांनीं तो पाहिला आहे. ढोल वाजत असतात, आदिवासी बंधुभगिनी नटूनथटून येतात, होळीसाठीं दाळ्या, गूळ, साखरेचे हार यांची खरेदी होते. येथें बाजार हाच सण. दुकानदार आपला नफा घेतो, आणि पलीकडच्या पालांत दोन पैसे स्वस्त मिळालें तर गिऱ्हाईक उठून तिकडे जातें. हें उठून जातां येणें म्हणजेच बाजाराचें खुलेपण. त्या खुलेपणानें खऱ्या देणगीला कधीं धक्का लागल्याचें मला दिसलें नाहीं.

धक्का लागतो तो जेथें उठून जातां येत नाहीं तेथें. ऊसतोडीचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरूं होतो, आणि खानदेशांतून किती कुटुंबें त्यासाठीं बाहेर पडतात, कांहीं गुजराथेंतहि जातात, हें आपण जाणतां. त्यापूर्वीं मुकादम उचल देतो. ऐन सणाच्या तोंडावर हातांत नोटा पडतात. घरांत नवे कपडे येतात, छपराचे पत्रे येतात, मुलें आनंदतात. पाहणाराला वाटावें, मोठ्या मनाचा मनुष्य दिसतो. परंतु त्या नोटांपायीं नवराबायकोचा एक कोयता पुढचे कित्येक महिने बांधला गेलेला असतो, आणि उचल फिटल्यावांचून फड सोडतां येत नाहीं. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी रद्द केली, कर्जापायीं मनुष्य बांधून ठेवणें हा गुन्हा ठरविला. तरी सणाची गरज आणि रिकामा हात एके ठिकाणीं आले कीं जुनी गांठ नव्या नांवानें बसते. ही देणगी नव्हे, आणि खुला बाजारहि नव्हे. दोहोंची सोंगें घेतलेली ती तिसरीच गोष्ट आहे, आणि आपल्या उपदेशांचा रोख तिच्याकडे असावा, सजविलेल्या दुकानांकडे नव्हे.

हुंड्याचें तेंच. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यानें लग्नांतील भेटींना मज्जाव केलेला नाहीं. त्या कोणीं मागितलेल्या नसाव्या, त्यांची यादी असावी, रिवाजाला व ऐपतीला धरून असाव्या, एवढेंच तो म्हणतो. 'न मागतां' या दोन शब्दांत कायद्यानें भेट आणि किंमत यांच्यामधील भिंत उभी केली. ख्रिस्ती घरें यांतून सर्वस्वीं सुटलीं आहेत, असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. नाताळांत ज्यांच्या नांवानें भेटी वांटल्या जातात त्या मायराच्या बिशप संत निकोलस यांची कथा हुंड्याचीच आहे, हें आपण बहुधा विसरतों. परंपरा सांगते कीं, तीन मुलींच्या एका दरिद्री पित्याच्या घरांत त्यांनीं रात्रीं गुपचूप मोहोरांची पुरचुंडी टाकली. रात्रीं कां? दिवसा दिली असती तर त्या पित्याच्या वहींत एक नांव चढलें असतें.

मग व्यापाऱ्यानें काय सारा दिवस सौदा करावा आणि दान मात्र रात्रीं करावें? पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीं २००९ च्या 'कारितास इन व्हेरिताते' या परिपत्रकांत तसें म्हटलेलें नाहीं. निरपेक्ष देण्याला रोजच्या आर्थिक व्यवहारांतहि जागा असली पाहिजे, असें त्यांचें प्रतिपादन आहे. हें वाचून मला प्रथम नवल वाटलें. परंतु दुष्काळी वर्षांत उधारीची वही न उघडणारे वाणी आपल्याकडे अगदींच झाले नाहींत असें नाहीं.

जळगांवच्या सराफ बाजाराची कीर्ति दूरवर आहे. २०२५ च्या एप्रिलमध्यें, आखाजीच्या तोंडावर, दहा ग्रॅम सोन्यानें एक लाख रुपयांचा पल्ला गांठला, आणि कित्येक घरांतून लेकीला यंदा काय घालावें याची चिंता उत्पन्न झाली. दसऱ्याला मात्र आपण आपट्याचें पान देऊन सोनें म्हणतों, आणि घेणारा तें सोनें म्हणूनच घेतो. आतां तीं पानेंहि रस्त्यावर जुड्यांनीं विकत मिळतात, आणि पुष्कळदां आपट्याच्या नांवावर त्याच कुळांतील दुसऱ्या झाडाचीं. तरी हातांतून हातांत जातांना त्या पानाचा भाव कोणी विचारीत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट आठवते. एके काळीं अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली. तींत भावानें पाठविलेली भाऊबीज ती माउली स्वतःसाठीं खर्चीत नाहीं; नवऱ्याचें धोतर फाटलें आहे हें तिनें पाहिलेलें असतें, आणि त्या पैशांतून ती दिवाळीसाठीं त्याला नवें धोतर आणविते. भावानें बहिणीला दिलें, बहिणीनें नवऱ्याला दिलें, आणि दोहोंच्या मधें कोठेंतरी एका कापडवाल्यानें गज लावून धोतर मोजलें आणि आपले रोख पैसे घेतले.