मऊ मेंदूला मऊ तार

आज आम्ही गटातल्या बायका मेंदूत बसवायच्या तारांविषयी बोलणार आहोत. विषय अवघड वाटेल, पण ज्या घरात कंपवाताचं माणूस आहे, त्या घराला हे ठाऊक असायला हवं.

आपला मेंदू विजेच्या बारीक संदेशांवर चालतो. कंपवातात हे संदेश बिघडतात. हात थरथरतो, पाऊल उचलत नाही. १९८७ साली फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात डॉ. बेनाबिद यांनी मेंदूत बारीक तार ठेवून वीज दिली आणि थरथर कमी केली. आज हे ऑपरेशन आपल्या देशातल्या मोठ्या इस्पितळांतही होतं. बॅटरी छातीच्या कातडीखाली बसवतात. आजार मुळापासून जात नाही, पण योग्य रुग्णाला बराच आराम पडतो.

मग अडचण कसली? मेंदू असतो खरवसासारखा मऊ. श्वासाबरोबर, नाडीबरोबर तो हलतो. धातूची तार त्याच्या मानाने फार कडक. नवी चप्पल चावते आणि तिथे घट्टा पडतो ना, तसंच आत होतं. तारेभोवती व्रणासारखा थर धरतो आणि संदेश नीट पोचत नाहीत.

म्हणून मऊ साधनांचा शोध चालू आहे. स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात स्टेफनी लाकूर आणि ग्रेगोआर कूर्तीन यांच्या गटाने २०१५ साली सिलिकोन रबराची ताणली जाणारी पातळ पट्टी दाखवली. तिच्यात सोन्याच्या बारीक रेघा आणि औषध सोडायला नळी होती. उंदरांच्या मज्जारज्जूवर ती दोन महिने ठेवली, तरी इजा झाली नाही. कडक पट्टीने मात्र झाली. मऊ पट्टीतून वीज आणि औषध दिल्यावर लुळे पडलेले उंदीर पुन्हा पावलं टाकू लागले.

पण बायांनो, उंदीर चालला म्हणजे माणूस चालला असं नाही. अशी मऊ साधनं अजून नेहमीचा उपचार झालेली नाहीत. कुणी त्यांच्या नावाने पैसे मागितले, तर देऊ नका. आधी मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा. आणि नवं काही येईल या आशेवर चालू गोळ्या बंद करू नका. कंपवाताच्या गोळ्या एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं.