साधा लॅपटॉप की भारी?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. यंत्राच्या पोटात काय असते यावर मी व्याख्यान देणार नाही. पण दिवाळीत आमच्या घरी लॅपटॉप आला, तो मी चार दुकाने हिंडून घेतला, आणि तेव्हापासून निम्म्याजणी मला जिन्यात थांबवून तेच विचारतात. चिटणीसबाई म्हणाल्या, एकदा सगळ्यांनाच सांगून टाका.

भिशीचे साठ हजार रुपये माझ्या हाती आले होते. घरात दोन मते पडली. हे म्हणाले, स्वस्तातला स्वस्त घेऊ, बाकीचे बँकेत टाकू. भाऊजी म्हणाले, वर तीस हजारांचे हप्ते करा, पण घ्याल तर भारीच घ्या. मुलगी बी. कॉम.ला आहे, मुलगा अकरावीत. भारी लॅपटॉप कोणासाठी, हे बोलण्यातून कळतच होते. मुलीचे म्हणे मोबाईलवर भागते. मोबाईलवर एकदा जमाखर्चाचा तक्ता भरून पाहावा, म्हणजे किती भागते ते समजते.

मी आधी कागदावर कामे लिहून काढली. मुलीचे हिशेबाचे तक्ते आणि प्रकल्पाचे लेखन, मुलाचे शिकवणीचे व्हिडिओ, परीक्षेचे फॉर्म, विजेचे बिल, नणंदेशी समोरासमोर बोलणे, लग्नाचे फोटो साठवणे. एवढ्या कामांना नव्वद हजारांचे यंत्र लागत नाही. व्हिडिओ कापून जोडायचे असतील, इमारतींचे नकाशे काढायचे असतील, तर गोष्ट वेगळी.

मग स्वस्तातला स्वस्त का नको? तर ऐका. रॅम म्हणजे आपला ओटा, आणि साठा म्हणजे कोठीची खोली. ओटा लहान असला की परात खाली ठेवायची, कढई वर घ्यायची, पुन्हा परात वर. यंत्रही तसेच करते. रॅम पुरली नाही की हातातले काम साठ्यात नेऊन ठेवते आणि परत आणते, आणि आपण चक्र फिरताना पाहत बसतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी कमीत कमी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठा सांगितला आहे. पण कमीत कमी म्हणजे उकिडवे बसण्यापुरती जागा! मांडी घालून बसायचे तर ८ जीबी हवी, १६ मिळाली तर उत्तम.

अगदी स्वस्त यंत्रांत पुष्कळदा ईएमएमसी नावाचा साठा असतो. तो एसएसडीपेक्षा हळू चालतो, आणि मुख्य पाटीवरच डाग देऊन बसवलेला असल्यामुळे पुढे बदलता येत नाही. ६४ जीबीची कोठी तर विंडोजच्या सुधारणांनीच भरत येते. तेव्हा दुकानदाराला विचारायचे, साठा एसएसडी आहे का, आणि निदान २५६ जीबी आहे का.

भारी यंत्रात काय जास्त मिळते तेही सांगते, उगाच नावे ठेवायची नाहीत. अंग धातूचे, वजन सव्वा किलोच्या आसपास, पडदा स्वच्छ, बॅटरी पुष्कळ वेळ टिकणारी. जी बाई रोज लोकलने ते खांद्यावरून नेते, तिला वजनातल्या अर्ध्या किलोची किंमत कळते. तिने जास्त पैसे खुशाल द्यावेत. आमचा लॅपटॉप मात्र टेबलावरून पलंगावर आणि पलंगावरून टेबलावर, एवढाच प्रवास करतो. शिवाय भारी आणि पातळ यंत्रांत रॅम बहुधा डाग देऊन बसवलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. आम्ही घेतलेल्यात एक खाचा रिकामा आहे. गरज पडली तर तेवढीच रॅम घेऊ.

दुकानात गेल्यावर पडदा बाजूने वाकून पाहावा. हलक्या पडद्यावर रंग उलटेसुलटे दिसतात. १९२० गुणिले १०८० असा आकडा मागावा, १३६६ गुणिले ७६८ चा घेऊ नये. कळफलकावर आपले नाव टाइप करून पाहावे. मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येच असतो, वेगळे पैसे पडत नाहीत. विषाणूपासून रक्षण करणारा डिफेंडरही त्यातच येतो, म्हणून दुकानदार त्याचे वेगळे पाकीट गळ्यात मारू लागला तर "नको" म्हणावे. मला दोन ठिकाणी म्हणावे लागले. लेखन आणि हिशेबाला लिबरऑफिस फुकट मिळते.

कचेऱ्यांतून परत आलेले जुने लॅपटॉप स्वस्त मिळतात आणि काही चांगलेही असतात. पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून विंडोज ११ रीतसर चालते का, हे विचारल्याशिवाय जुना घेऊ नये.

आम्ही एक्केचाळीस हजारांचा घेतला. ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. उरलेल्या एकोणीस हजारांतून मुलीची हिशेबाच्या वर्गाची फी भरली. भाऊजी दोन दिवस बोलले नाहीत, मग चहाला आले. लॅपटॉपवर दोघांची दोन खाती उघडली आहेत, प्रत्येकाचा परवलीचा शब्द वेगळा. पहाटे सात वाजेपर्यंत ती, रात्री जेवणानंतर तो. तसे वेळापत्रक भिंतीला लावले आहे. दुपारी दोन ते चार माझे. मंडळाची सभासद यादी आता मी त्यातच ठेवते.

कोणाला दुकानात जायचे असेल तर बुधवारी मी मोकळी असते. येताना कामांची यादी तेवढी लिहून आणा.