पुस्तकांची आयात आणि वाचकाचा शब्द

कायद्याचें नांव काढलें कीं सामान्य गृहस्थ थोडा दूर सरकतो. हें काम वकिलांचें, आपलें नव्हे, असें त्यास वाटतें. परंतु ज्या कायद्यावर आपल्या मुलाच्या हातांतील पुस्तकाची किंमत अवलंबून आहे, त्याविषयीं तरी उदासीन राहून चालणार नाहीं. असा एक वाद २०१० ते २०१२ या काळांत आपल्या देशांत झाला. त्याची हकीकत आज आपणांपुढें ठेवावयाची आहे.

मूळ प्रश्न असा. परदेशी ग्रंथाच्या विक्रीचा हक्क पुष्कळदां देशवार वांटलेला असतो. वैद्यक किंवा स्थापत्य या विषयाचें जें पुस्तक अमेरिकेंत फार महाग विकतें, त्याचीच एखादी आवृत्ति येथें साध्या कागदावर, अल्प किंमतींत निघते. आणि ती याच भूभागांत विकावी, अशी सूचना तीवर छापलेली असते. आतां एखाद्या दुसऱ्या व्यापाऱ्यानें मूळ पुस्तक परदेशांत रीतसर विकत घेऊन येथें आणलें, तर काय ? तें चोरून छापलेलें नाहीं. लेखकाच्या अनुमतीनेंच तें निघालें आहे. तरीही १९८४ सालीं पेंग्विन प्रकाशनाच्या दाव्यांत दिल्ली उच्च न्यायालयानें अशी आयात हक्कभंगाची ठरविली. १९५७ च्या कायद्यानें सवलत ठेविली आहे ती इतकीच, कीं स्वतःच्या खाजगी उपयोगासाठीं एक प्रत आणतां येते.

एप्रिल २०१० मध्यें राज्यसभेंत जें दुरुस्ती विधेयक आलें, त्यांत एक लहानसें परंतुक होतें. लेखकाच्या अनुमतीनें परदेशीं प्रसिद्ध झालेली प्रत तेथून येथें आणल्यास ती हक्कभंगी समजूं नये, असा त्याचा आशय. एवढ्या एका वाक्यावरून मोठें वादळ उठलें.

प्रकाशक आणि कित्येक लेखक म्हणाले, ‘परदेशांत न खपलेल्या पुस्तकांचे ढीग येथें येऊन पडतील. अशा प्रतींवर लेखकास नाममात्र मानधन मिळतें, कधीं मुळींच मिळत नाहीं. येथील आवृत्तीला संरक्षण नसेल, तर ती काढण्याचें धाडस कोण करील ?’ उलट बाजूनें ग्रंथालयांचा व विद्यार्थ्यांचा कैवार घेणारे म्हणाले, ‘पुस्तक अस्सल आहे, त्याची किंमत चुकती झाली आहे, मग तें कोणत्या दुकानदारानें आणावें, यावर बंधन कशासाठीं?’ संसदेच्या स्थायी समितीनें नोव्हेंबर २०१० मधील अहवालांत परंतुक राखावें, असें मत दिलें. स्वस्तांत मिळतात त्या बहुधा जुन्या आवृत्त्या, आणि विद्यार्थ्यांचें हित नव्या आवृत्तींत आहे, हें तिचें एक कारण होतें.

या कारणांत तथ्य आहे. माझे जुने विद्यार्थी अभियांत्रिकीच्या वर्गांत गेल्यावर सांगत, कीं अध्यापक नव्या आवृत्तींतील उदाहरणें घालीत आणि आमच्या स्वस्त प्रतींत तीं सांपडत नसत. परंतु प्रकाशकांची भीतीही निव्वळ कल्पित नव्हती. किर्तसाएंग नांवाच्या थायलंडच्या विद्यार्थ्यानें आपल्या देशांतील स्वस्त परदेशी आवृत्त्या मागवून अमेरिकेंत विकल्या. मार्च २०१३ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं त्याच्या बाजूनें निर्णय दिला. स्वस्त प्रत महाग बाजारांत जाऊं लागली, तर स्वस्त प्रत काढण्याची प्रकाशकाची इच्छा कमी होणार, हें उघड आहे. मात्र हें ध्यानांत ठेवावें, कीं हा धोका तिकडच्या कायद्यानें उत्पन्न होतो. आपण आपलें दार लावून घेतल्यानें तो टळत नाहीं.

शेवटीं २०१२ चा कायदा संमत झाला तो त्या परंतुकावांचूनच. मला खंत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. दोन्ही पक्ष वाचकाचें नांव घेऊन भांडले, पण स्वतः वाचकाचा आवाज त्यांत क्षीणच राहिला. शिवाय ‘सर्व दारें उघडा’ आणि ‘सर्व दारें लावा’ यांवांचून तिसरा मार्ग फारसा कोणी चर्चिला नाहीं. न्यूझीलंडनें १९९८ सालीं आयात मोकळी केली. ऑस्ट्रेलियानें १९९१ सालीं निराळा नियम केला : परदेशीं प्रसिद्ध झालेलें पुस्तक तीस दिवसांच्या आंत तेथील प्रकाशकानें काढलें, तर त्यास संरक्षण, न काढलें, तर आयातीस मोकळीक. त्या नियमावरही तेथें पुढें मोठा वाद झाला, आणि २००९ सालीं तो रद्द करण्याची शिफारस सरकारनें अमान्य केली. त्यांतील तत्त्व मला न्याय्य वाटतें. जो वेळेवर आणि परवडेल असें पुस्तक देतो, त्यास संरक्षण असावें. जो स्वतः देत नाहीं आणि दुसऱ्यास देऊंही देत नाहीं, त्यास नसावें.

हा प्रश्न पुन्हां उपस्थित होईल, तेव्हां आपण काय करावें ? संसदेच्या समित्या विधेयकांवर पुष्कळदां लोकांकडून लेखी निवेदनें मागवितात. तेथें आवेशाच्या पत्रापेक्षां माहितीच्या पत्राचें वजन अधिक. अमुक पुस्तक, अमुक आवृत्ति. येथील किंमत अमुक, परदेशांतील अमुक. मागणी केल्यापासून इतके महिने वाट पाहिली. ही नोंद जिल्ह्याच्या गांवचा ग्रंथपाल ठेवूं शकतो, महाविद्यालयांतील विद्यार्थी ठेवूं शकतो. प्रकाशकापाशीं त्याचे हिशेब असतात, व्यापाऱ्यापाशीं त्याचे असतात. वाचकानेंही आपला हिशेब तयार ठेवावा. एक साधी वही त्यासाठीं पुरे. ती आपण आजच घालावी, एवढीच माझी विनंति आहे.