ओळखीतून घेतलेली गाडी



आजच्या बैठकीत मला ग्राहक म्हणून आपले हक्क या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी वकील नाही, शाळेत शिकवते. या कायद्याची माझी ओळख पुस्तकातून झाली नाही, एका जुन्या गाडीमुळे झाली. म्हणून व्याख्यान न देता तीच हकीकत सांगते.

दोन वर्षांपूर्वी मी सेकंड हँड गाडी घेतली. पेट्रोलवरची छोटी गाडी, किंमत २ लाख ४० हजार. त्यात माझी बचत १ लाख १० हजार, भिशीचे ५० हजार आणि उरलेले ८० हजार पतसंस्थेचं कर्ज. हे आकडे मुद्दाम सांगते आहे. नवी गाडी घेणारा शोरूमला जातो, त्याच्या हातात वॉरंटीचा कागद असतो. जुनी गाडी घेणारा बहुतेक वेळा आपल्यासारखाच असतो. त्याचे सगळे पैसे त्या एका गाडीत अडकलेले असतात आणि हातात कागद कमीत कमी असतो.

गाडी विकणारा जुन्या गाड्यांचा धंदा करणारा, आमच्या दुल्हेभाईंच्या ओळखीतला. त्याने व्हॉट्सअपवर फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, ‘इंजिन एकदम ओके, एक रुपयाचं काम नाही.’ मी म्हटलं, एखाद्या मेकॅनिकला दाखवून घेऊ या का? दुल्हेभाई म्हणाले, ‘घरचा माणूस आहे, त्याला काय वाटेल?’ मी गप्प बसले. २ लाखांचा चेक दिला, ४० हजार रोख दिले. रोख रकमेची पावती मागितली नाही. तिथेही तेच, त्याला काय वाटेल!

सहाव्या दिवशी अम्मीला डोळे दाखवायला पुण्याला नेलं. परत येताना खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. अम्मी मागच्या सीटवर, बाजूने ट्रक चाललेले. गाडी कडेला घेतली, बंद केली आणि अर्धा तास बॉनेटला हात लावला नाही. हे लक्षात ठेवा, गरम इंजिनच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते उसळून थेट तोंडावर येतं.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, ‘आपा, कूलंट कमी झालं असेल, भरून घ्या.’ भरलं. दोन दिवसांत पुन्हा कमी. खाली जमिनीवर एक थेंब नाही. मग जातं कुठे? पुन्हा फोन केला, तेव्हा तो म्हणाला, ‘तुम्हाला गाडीतलं कळणार नाही, घरातल्या कुणा पुरुषाला पाठवा.’ खरं सांगते, गाडीपेक्षा त्या वाक्याने मी जास्त तापले.

मी आमच्या गावातल्या एका मेकॅनिककडे गेले. त्याची आणि त्या विक्रेत्याची ओळख नव्हती. त्याने ऑइल भरायचं झाकण उघडून दाखवलं. आतल्या बाजूला दुधाच्या चहासारखा फेस होता. म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळत होतं. मग प्लग काढून कॉम्प्रेशन तपासलं. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरमध्ये दाब कमी भरला. कूलंटच्या बाटलीच्या तळाशी तपकिरी गाळ होता. तो म्हणाला, ‘ताई, हेड गॅस्केट गेलेलं आहे. आणि हा गाळ गळती थांबवायच्या पावडरचा दिसतोय. कुणीतरी गाडी विकण्यापुरती जुळवून ठेवली.’ हेड उतरवायचं, फेसिंग करायचं, नवं गॅस्केट टाकायचं, असा खर्च त्याने ३४ हजार सांगितला.

मी म्हटलं, करून टाका, मला शाळेला जायचं आहे. त्यावर त्या माणसाने मला जे सांगितलं, ते या सगळ्या हकिकतीतलं सर्वांत मोलाचं आहे. तो म्हणाला, ‘आत्ता उघडू नका. एकदा हेड उतरवलं की पुरावा गेला. आधी त्याला लिहून कळवा, बघायला बोलवा. नाही आला तर मग उघडू, आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो काढू.’ मी त्याच्याकडून तपासणीचा अहवाल लिहून घेतला. त्यात तारीख, गाडीचा नंबर, मीटरवरचे किलोमीटर, दोष आणि खर्चाचा अंदाज होता. खाली त्याची सही आणि गॅरेजचा शिक्का.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात मालातल्या दोषाची व्याख्या आहे. कायद्याने किंवा कराराने जो दर्जा असायला हवा तो नसणं म्हणजे दोष. आणि पुढे असंही आहे की, व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे जो दर्जा असल्याचा दावा केला, तो नसला तरीही तो दोषच. ‘कोणत्याही प्रकारे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. व्हॉट्सअपवरचं ‘इंजिन एकदम ओके’ हाही दावाच आहे. म्हणून तो संदेश मी पुसला नाही. फोनही बदलला नाही, कारण मूळ संदेश मूळ फोनमध्ये असला की पुरावा म्हणून मांडणं सोपं जातं.

याच कायद्यात अनुचित व्यापार प्रथांची यादी आहे. विकलेल्या मालाचं बिल किंवा पावती न देणं ही अनुचित प्रथा आहे. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा आहे. त्यासाठीची मुदत बिलावर लिहिलेली असेल ती, आणि लिहिलेली नसेल तर ३० दिवस. मी अजून त्या ३० दिवसांच्या आतच होते. मी ‘बघू, बघू’ करत दोन महिने घालवले असते, तर ही बाजू लंगडी पडली असती.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. माझ्या पहिल्या यादीत टायर होते, क्लच होता, सीटचं फाटलेलं कव्हरही होतं. मेकॅनिकने ते सगळं खोडलं. म्हणाला, ‘हे तुम्हाला डोळ्यांनी दिसत होतं, आणि जुन्या गाडीत झीज असणारच.’ ते खरं होतं. झीज वेगळी आणि लपवलेला दोष वेगळा. सगळंच मागायला गेलो की आपली खरी तक्रारही कांगावा वाटू लागते.

मी विक्रेत्याला पत्र लिहिलं, साधं, मराठीत, एका पानाचं. गाडी कधी घेतली, किती पैसे कसे दिले, त्याने काय लिहून कळवलं होतं, काय दोष निघाला, सोबत अहवालाची प्रत, आणि माझी मागणी: गाडी परत घेऊन पैसे द्या, किंवा दुरुस्तीचा पूर्ण खर्च करा, १५ दिवसांत कळवा. शिवी नाही, धमकी नाही. पोस्टाने पाठवलं, पोहोच जपून ठेवली.

पत्र पोहोचलं त्या संध्याकाळी घरात वादळ झालं. दुल्हेभाई म्हणाले, ‘तू माझं नाक कापलंस.’ माझी बहीण मधल्या मध्ये रडवेली. मोहल्ल्यातले एक बुजुर्ग समजवायला आले. ‘बेटी, आपल्यातला माणूस आहे. आपल्यात असं कागद पाठवत नाहीत. आपसात मिटवा.’ मी त्यांना नम्रपणे विचारलं, मी आपसातच मिटवायचा प्रयत्न केला, तेव्हा तो म्हणाला पुरुषाला पाठवा. मग आपसात म्हणजे नेमकं कुणाकुणात? आणि आपल्यात असं करत नाहीत, हेही खरं नाही. कुरआनातली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हेच सांगते. मालातला लपलेला दोष नंतर उघड झाला तर घेणाऱ्याला सौदा फिरवण्याचा हक्क आहे, त्याला फिक्‌हमध्ये नावही आहे, खियार-ए-ऐब. आपल्या परंपरेत कागदाला मान आहे. भिडेपोटी लुबाडून घेणं ही आपण नंतर लावून घेतलेली सवय आहे.

या दिवसांत आणखी एक गोष्ट उघड झाली. आरसी बुक अजून जुन्या मालकाच्याच नावावर होतं. विक्रेता ‘होईल, होईल’ म्हणत होता. मोटार वाहन कायद्याप्रमाणे एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. जुन्या कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायला अर्ज करायचा असतो. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याचं अधिकारपत्र लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची खबर नोंदणी कार्यालयाला द्यायची असते. आमच्या व्यवहारात यातलं काहीच झालं नव्हतं.

मी आरसीवरच्या पत्त्यावर जाऊन जुन्या मालकांना भेटले. निवृत्त गृहस्थ. त्यांना वाटत होतं, गाडी केव्हाच आपल्या नावावरून गेली. नोंदीवर ज्याचं नाव असतं, अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका निकालात स्पष्ट केलेलं आहे. हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. मग सहज विचारलं, गाडी का विकलीत? ते म्हणाले, ‘घाटात गरम व्हायची. मी त्याला सांगूनच दिली. त्यासाठी त्याने किंमतही कमी केली.’ मी म्हटलं, हे लिहून द्याल? त्यांनी चार ओळी लिहून सही केली. विक्रेत्याला दोष माहीत होता, याचा पुरावा माझ्या हातात आला.

तरीही १५ दिवसांत उत्तर नाही. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगाची तक्रार लिहायला घेतली. तेही वाटतं तेवढं अवघड नाही. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची. इथे बसलेल्या कित्येक घरांत मुलं जुनी गाडी घेऊन ती भाड्याने चालवतात, त्यांनाही सांगते: स्वतःच्या पोटासाठी स्वतः चालवायला घेतलेली गाडी असेल तर तुम्हीही ग्राहकच आहात. मात्र विकणारा धंदेवाला नसेल, घरच्या वापरातली गाडी विकणारा साधा माणूस असेल, तर ग्राहक आयोगाचा रस्ता सहसा चालत नाही. तिथे खोटं सांगून करार केला म्हणून दिवाणी न्यायालयात जावं लागतं, आणि तो रस्ता लांबचा आहे. म्हणून तिथे आधीची तपासणी जास्तच गरजेची.

तक्रारीचा मसुदा तयार झाला तेव्हा त्याची एक प्रत मी दुल्हेभाईंना वाचायला दिली, सोबत जुन्या मालकांची चिठ्ठी. त्यांनी ती दोनदा वाचली. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः गाडीत बसून माझ्याबरोबर त्या विक्रेत्याकडे आले आणि म्हणाले, ‘मी पाठवलेला पुरुष वगैरे नाही. बोलणार तीच आहे, मी फक्त बसतो.’

एका तासात मिटलं. हेडच्या कामाचे ३४ हजार त्याने बँकेतून थेट गॅरेजला दिले. फॉर्मवर सह्या झाल्या, गाडी माझ्या नावावर झाली. ४० हजारांची पावतीही मिळाली. काय ठरलं ते कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. गाडी ओढून नेण्याचा खर्च आणि पाच आठवड्यांचं रिक्षाभाडं मी सोडून दिलं. पूर्ण न्याय झाला असं मी म्हणणार नाही. पण गाडी आजही चालते आहे. आज इथे तिच्यातूनच आले.

मेकॅनिकला आधी दाखवलं असतं तर जास्तीत जास्त हजार रुपये गेले असते. ते मी भिडेपोटी वाचवले. भीड ठेवायची तर चहाच्या कपाला ठेवा, अडीच लाखांच्या व्यवहाराला नको. ओळखीचा माणूस खरा असेल तर पावती द्यायला त्याला अडचण नसते, आणि अडचण असेल तर तेही आपल्याला वेळेवर कळतं.

मी लिहिलेल्या पत्राच्या वीस प्रती आणल्या आहेत, नावं काढून. ज्यांना हव्यात त्यांनी जाताना घेऊन जा. आणि भगिनींनो, कुणी म्हणालं की घरातल्या पुरुषाला पाठवा, तर त्याच्या हातात हे पत्र द्या.