बार्शीत आपलं स्वागत

सन्माननीय अध्यक्षमहोदय, मंचावरील मान्यवर, आणि गावोगावहून आलेले वैद्यकीय अधिकारी, आरोग्यसेविका, आशाताई,

भगवंताच्या बार्शीत आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत!

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर बोलायला बार्शीइतकी हक्काची जागा नाही. इथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयातल्या मंडळींनी शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९पासून गावं पिंजून काढली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्या अभ्यासात होत्या. २००९ साली निष्कर्ष आला: ज्या गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी मिळाली, त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. जगभरच्या तपासणीचं धोरण ज्या पुराव्यावर उभं आहे, त्यात आपल्या शेतमजूर बायाबापड्यांचा वाटा आहे. याचा मला फार अभिमान वाटतो.

आज मात्र मला बोलायचं आहे ते जास्त धोक्यातल्या बाईबद्दल. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणारी त्यांत आहे, पण आपल्या भागात सगळ्यांत आधी आठवते ती एचआयव्हीसह जगणारी. तिला हा कर्करोग होण्याचा धोका सुमारे सहापट, कारण एचपीव्हीचा संसर्ग तिच्या शरीरातून सहजी जात नाही. आपली राष्ट्रीय तपासणी तिशीला सुरू होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, हिला पंचविसाव्या वर्षीच बोलवा आणि दर तीन ते पाच वर्षांनी पुन्हा तपासा.

ती आपल्याला सापडत नाही, असं कुणी म्हणू नये. औषधासाठी ती एआरटी केंद्रात नेमाने येते. गावात बोभाटा नको म्हणून कधी दुसऱ्या तालुक्यात जाते, एवढंच. मग तपासणी तिथेच, त्याच फेरीत का होऊ नये? तिची एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं वाचेल. आणि हात जोडून सांगतो, प्राथमिक आरोग्य केंद्रात ती आलीच, तर शिबिराच्या यादीत शेऱ्याच्या रकान्यात तिचा आजार लिहू नका. एकदा नाव फुटलं की ती पुन्हा फिरकणार नाही.

दुपारच्या सत्रात एआरटी केंद्रातल्या समुपदेशक भगिनी बोलणार आहेत. जेवणानंतर सभागृह रिकामं होऊ देऊ नका. त्यांना प्रश्न विचारा, अडचणी सांगा. आता अध्यक्षांना विनंती, त्यांनी परिषदेचं कामकाज सुरू करावं.