बहिणाबाईचें नाटक

कसबा बावड्याहून दक्षिणेस कोसभर गेलें कीं करवीरक्षेत्र लागतें. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत या क्षेत्रीं एक निर्धन ब्राह्मण कुटुंब गांवोगांव हिंडत येऊन राहिलें. त्या कुटुंबांतील मुलगी अवघी अकरा वर्षांची. तिसऱ्या वर्षींच तिचें लग्न तीस वर्षांच्या बिजवराशीं झालेलें. हीच पुढें तुकोबांची शिष्या म्हणून विख्यात झालेली संत बहिणाबाई (१६२८–१७००).

कोल्हापुरांत या कुटुंबास एक गाय दान मिळाली. तिच्या वासराला या मुलीचा इतका लळा लागला कीं ती जयराम स्वामींच्या कीर्तनास निघाली म्हणजे तेंही मागोमाग जाई. स्वामींनीं वासराच्या आणि तिच्या मस्तकावर हात ठेवला, ही वार्ता गांवांत पसरली, आणि पतीचा क्रोध अनावर झाला. त्यानें तिला मारझोड करून बांधून टाकलें. तेव्हां गाय-वासरांनींही चारापाणी सोडलें. पुढें वासरूं गेलें, आणि शुद्ध हरपलेल्या अवस्थेंत तिला तुकोबांचा अनुग्रह झाला. ब्राह्मणाच्या पत्नीनें शूद्र गुरु करावा, ही त्या काळीं लहानसहान गोष्ट नव्हती.

हें सारें ज्ञात आहे, तें तिनें स्वतः आत्मनिवेदनाच्या अभंगांत सांगून ठेवलें म्हणून. जस्टिन ॲबट यांच्या १९२९ सालच्या भाषांतरानें तें इंग्रजी वाचकांपुढेंही गेलें.

त्याच सुमारास अमेरिकेच्या किनाऱ्यावर प्युरिटन, म्हणजे कडक शुद्धाचाराचे ख्रिस्ती लोक, वसाहती करीत होते. बोस्टन येथें ॲन हचिन्सन नांवाची स्त्री आपल्या घरीं बायकांस जमवून धर्मोपदेशकांच्या प्रवचनांची चर्चा करी. १६३७ सालीं तिच्यावर खटला भरून तिला हद्दपारीची शिक्षा देण्यांत आली. तिचे शब्द उरले आहेत ते बहुतांशीं न्यायालयाच्या दप्तरांत. लेखणी तिच्या हातीं नव्हती, तिला दोषी ठरविणारांच्या बाजूची होती.

अशा स्त्रियांवर नाटक लिहूं जाणारापुढें मोठा पेंच असतो. दप्तरांत जें नाहीं तें भरून काढावयाचें कोठून? आर्थर मिलर यांचें 'द क्रूसिबल' (१९५३) हें नाटक सेलम येथील १६९२ च्या चेटकिणींच्या खटल्यांवर आहे. त्यांतील ॲबिगेल ही मुलगी प्रत्यक्षांत अकरा-बारा वर्षांची आणि प्रॉक्टर हा साठीच्या घरांतला शेतकरी. मिलर यांनीं तिला सतरा वर्षांची केली, त्याला पस्तिशींत आणलें, आणि दोघांचा अनैतिक संबंध कल्पिला. नाटक थोर आहे यांत शंका नाहीं. परंतु त्या खऱ्या पोरीवर मात्र कायमचा डाग लागला.

दुसरी वाट कॅरिल चर्चिल या इंग्रज लेखिकेनें दाखविली. 'लाइट शायनिंग इन बकिंगहॅमशायर' (१९७६) हें तिचें नाटक इंग्लंडांतील प्युरिटन क्रांतीच्या काळचें. 'जॉइंट स्टॉक' या मंडळीचे नट, दिग्दर्शक मॅक्स स्टॅफर्ड-क्लार्क आणि लेखिका यांनीं कांहीं आठवडे एकत्र बसून जुनीं पत्रकें वाचलीं, प्रसंग उभे करून पाहिले. मग लेखिकेनें घरीं जाऊन लेखन केलें, आणि त्यानंतर तालमी झाल्या. यालाच कार्यशाळा म्हणतात. त्या नाटकांत जमीनदाराच्या वाड्यांतून आणलेल्या आरशाच्या तुकड्यांत दोन गरीब बायका स्वतःस पाहतात, असा एक छोटा प्रवेश आहे. इतिहासाच्या कोणत्याही ग्रंथांत तो सांपडणार नाहीं, आणि तरीही तो खोटा वाटत नाहीं.

आपल्याकडे १९३१ सालीं 'संगीत कान्होपात्रा' रंगभूमीवर आलें. लेखक ना. वि. कुलकर्णी, आणि कान्होपात्रा झाले बालगंधर्व. गाणें अवीट, पण लेखणीही पुरुषाची आणि देहही पुरुषाचा. पुढें सुषमा देशपांडे यांनीं 'व्हय, मी सावित्रीबाई' (१९८९) हा एकपात्री प्रयोग केला, तमाशांतील स्त्रियांच्या आठवणी ऐकून त्यांतून नाटक उभें केलें, आणि 'बया दार उघड' मध्यें संत कवयित्रींस रंगमंचावर आणलें. तेव्हां कोठें ही उणीव भरून येऊं लागली.

बहिणाबाईचें नाटक या रीतीनें व्हावयाचें तर एक अडचण आधींच दिसते. जिनें मार सोसला आणि वेद स्त्रियांना बंद कां म्हणून खेद केला, तिनेंच पतिव्रताधर्माचे अभंगही रचले. एकट्या नाटककारास यांतील एक बाजू निवडून दुसरी झांकण्याचा मोह होतो. कोणी तिला केवळ बंडखोर करतो, कोणी केवळ सती. तेंच अभंग दहा-बारा बायकांनीं मोठ्यानें वाचले, तर कोणी म्हणेल हें मनापासूनचें आहे, कोणी म्हणेल मार चुकविण्यासाठीं आहे. आणि तो वादच एखाद्या प्रवेशाचा कच्चा माल ठरेल.

त्या बायका बावड्यासारख्या गांवांतल्या असाव्या. नटीनें गंगाधरपंत उभा करतांना त्याला राक्षस करूं नये, हें दिग्दर्शकास सांगावें लागेल. मात्र वासरूं खाईनासें झालें म्हणजे दावणीपाशीं कसें उभें राहतें, हें त्यांना कोणी शिकविण्याची गरज पडणार नाहीं. तालमीचा आरंभ तेथूनच करावा, आणि संवाद मागाहून लिहावे.