पेशंटला भेटायला जाताय? आधी एक फोन करा

हा आपल्या नव्या भागाचा लिखित मजकूर. ज्यांची लोकलमध्ये रेंज गेली, ज्यांचे इअरफोन घरी राहिले किंवा ज्यांना वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी. जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. त्यामुळे आज औषधपाण्याचा सल्ला नाही. आजचा विषय एकदम साधा वाटेल असा आहे: दवाखान्यात ॲडमिट असलेल्या माणसाला भेटायला कसं जायचं. तुम्ही म्हणाल, यात काय शिकायचंय? शहाळं घ्यायचं, जायचं, दहा मिनिटं बसायचं, 'काळजी घ्या' म्हणायचं आणि निघायचं. मलाही असंच वाटायचं. मग माझ्या हातून एक गोष्ट घडली.

माझ्या मावशीला कॅन्सर झाला होता. केमो सुरू होती. दुसऱ्या केमोनंतर साधारण दहाव्या दिवशी तिला खूप अशक्तपणा आला, म्हणून ॲडमिट केलं. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मी रात्रीची गाडी पकडली आणि सकाळी थेट हॉस्पिटलमध्ये. घसा थोडा खवखवत होता, नाक वाहत होतं. म्हटलं, एसीमुळे असेल. एक गोळी घेतली आणि गेलो. हातात फुलांचा गुच्छ. गेल्या गेल्या तिला मिठी मारली, पलंगावर बसलो, गप्पा मारल्या. निघताना एक सेल्फी काढला आणि खाली येऊन फॅमिली ग्रुपवर टाकला: 'आमची फायटर मावशी!' खाली बदामांचा पाऊस.

तीन दिवसांनी मावशीला ताप आला. पुढची केमो दोन आठवडे पुढे गेली. तो ताप माझ्यामुळेच आला का, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण माझ्यामुळे आला नाही, असंही मी म्हणू शकत नाही.

केमोनंतर शरीरातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, आणि बऱ्याच औषधांच्या बाबतीत सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास त्या सगळ्यात कमी असतात. म्हणजे मी नेमका वाईट दिवस निवडला होता. अशा पेशंटला १००.४ फॅरनहाइट ताप आला, तरी तो 'बघू उद्या' म्हणण्यासारखा नसतो, लगेच डॉक्टरांना कळवावं लागतं. आपल्यासाठी जी नुसती सर्दी, ती त्यांच्यासाठी आयसीयूची वाट असू शकते.

तर पहिला नियम: सर्दी, खोकला, ताप, जुलाब, डोळे आलेले असं काहीही असेल, तर जायचं नाही. गोळी घेऊन ताप दाबला, तरी जंतू तिथेच असतात. फ्लूमध्ये तर लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून आपण तो पसरवू शकतो. व्हिडिओ कॉल करा. 'आलो नाही म्हणून वाईट वाटेल' हा विचार सोडा. 'मला सर्दी आहे, तुला त्रास नको म्हणून थांबलोय' हे वाक्य ऐकून कुणाला वाईट वाटत नाही.

दुसरा नियम: हात. ही गोष्ट जुनी आहे. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या एका प्रसूती विभागात इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर तसेच बाळंतपण करायला येतात आणि बाळंतिणी तापाने मरतात. त्यांनी क्लोरिनच्या द्रावणात हात धुवायची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. तेव्हा जंतूंची कल्पनाही नीट मांडली गेली नव्हती! आज आपल्याला सगळं माहीत आहे, आणि तरी आपण लिफ्टचं बटण दाबलेल्या हाताने पेशंटचा गाल कुरवाळतो.

सॅनिटायझर असेल तर २० ते ३० सेकंद, साबण-पाणी असेल तर ४० ते ६० सेकंद, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा. बाहेर येताना कशाला? कारण पलंगाच्या कठड्यावर, टेबलावर जे असतं, ते तुम्ही घरी घेऊन जाता. आणि वॉर्डात कुणाला जुलाब होत असतील तर साबणानेच धुवा, कारण जुलाबाच्या काही जंतूंवर सॅनिटायझर नीट चालत नाही. हात धुऊन झाल्यावर परत मोबाइल हातात घेऊ नका. तो दिवसभर कुठे कुठे ठेवलेला असतो, ते आठवून बघा.

तिसरं, खायच्या वस्तू. आपल्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, हा संस्कार. पण शहाळ्याचंच बघा. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनीच्या पेशंटला, विशेषतः डायलिसिसवर असलेल्याला, ते बाहेर टाकता येत नाही आणि रक्तात वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणजे आपण मायेने नेलेलं शहाळं त्याच्यासाठी घातक ठरू शकतं. केळ्यांचंही तेच. डायबिटीसवाल्याला पेढे नेऊ नयेत हे आपल्याला कळतं, पण हे कळत नाही.

आणि ऑपरेशनच्या आधी पेशंटला उपाशी ठेवतात, ते उगाच नाही. भूल दिल्यावर पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. 'अर्धा कप चहाने काय होतंय' म्हणत कुणी काकू चहा पाजतात आणि ऑपरेशन पुढे ढकललं जातं. म्हणून काही द्यायच्या आधी सिस्टरना विचारा. आयसीयूत आणि केमोच्या वॉर्डात फुलं बहुतेक चालतच नाहीत. माझा गुच्छ सिस्टरनी बाहेरच ठेवून घेतला होता आणि मी मनातल्या मनात चिडलो होतो. बरोबर त्याच होत्या.

चौथं, हात लावायची घाई नको. सलाईन हळू पडतंय म्हणून चाक फिरवू नका. ऑक्सिजनचा मास्क सरळ करू नका. मशीन वाजलं तर बटण दाबू नका, सिस्टरना हाक मारा. प्रॉडक्शन सर्व्हरवर कुणी पाहुणा येऊन सेटिंग बदलून गेला, तर आपल्याला कसं वाटेल? पलंगावर बसू नका, मी बसलो होतो तसं. नळ्या ओढल्या जातात, टाक्यांना धक्का बसतो. आणि तेवढी एकच जागा त्या माणसाची स्वतःची उरलेली असते.

बाळ बघायला जाताना तर डबल काळजी. बाळाला पापी घेऊ नका. ओठावर फोड आलेला असेल तर अजिबातच नाही. नवजात बाळाला त्यातून गंभीर आजार होऊ शकतो. मोठ्यांचा साधा वाटणारा खोकला हा डांग्या खोकला निघाला, तर बाळाच्या जिवावर बेततं. आणि बाळंतीण पाजत असेल तर 'आपलेच आहोत' म्हणून खोलीत घुसू नका.

याची दुसरी बाजूही आहे. काही जण उगाचच लांब पळतात. कॅन्सर स्पर्शाने होत नाही. एचआयव्ही हात हातात घेतल्याने होत नाही. टीबी हवेतून पसरतो, म्हणून मास्क लागतो, पण तो ताटवाटीतून पसरत नाही. टीबीच्या माणसाचा कप वेगळा ठेवून आपण काहीही वाचवत नाही, फक्त त्याला दुखावतो.

आता बोलण्याबद्दल. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये नर्सिंगवर पुस्तक लिहिलं, त्यात एक अख्खं प्रकरण भेटायला येणाऱ्यांच्या पोकळ धीर देण्यावर आणि फुकटच्या सल्ल्यांवर आहे! त्या स्वतः कित्येक वर्षं आजारी होत्या, त्यामुळे अनुभवाने लिहिलंय. दीडशेहून जास्त वर्षं झाली, आपण तिथेच आहोत. 'किती बारीक झालीस गं!' 'आमच्या शेजारच्यांना हेच झालं होतं, बिचारे गेले.' 'अमुक काढा घे, केमोबिमो सोड.' हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्यापेक्षा विचारा, 'बोलायचा मूड आहे का, की नुसताच बसू?' पेशंटने डोळे मिटले, की उठायचं. दहा-पंधरा मिनिटं पुरे. दर पाहुण्याला 'कसं झालं, कधी कळलं' ही कथा पहिल्यापासून सांगून माणूस थकतो.

आता त्या सेल्फीकडे येतो. तापाबद्दल मावशी मला एक शब्द बोलली नाही. रागावली ती फोटोवरून. केमोमुळे तिचे केस गेले होते. मी गेलो तेव्हा उकडत होतं, म्हणून तिने स्कार्फ काढला होता. मी तसाच फोटो टाकला. ग्रुपवर बेचाळीस माणसं. त्यातल्या एका वहिनीने तो दुसरीकडे पाठवला, आणि तो फिरत फिरत माझ्या मावसबहिणीच्या होणाऱ्या सासरी पोहोचला. त्यांना मावशीने अजून काही सांगितलं नव्हतं. ती स्वतः सांगणार होती, तिच्या वेळी, तिच्या शब्दांत. मावशी मला फोनवर म्हणाली, "अरे, आजार माझा आहे ना? मग कुणाला सांगायचं हे तू कसं ठरवलंस?"

मी फोटो डिलीट केला. पण 'डिलीट फॉर एव्हरीवन' दुसऱ्यांच्या गॅलरीत चालत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. डेटा प्रायव्हसीचं ट्रेनिंग मी दर वर्षी ऑफिसमध्ये करतो हो! त्याचं सर्टिफिकेटही आहे.

आपल्याकडे पेशंटच्या हक्कांमध्ये गोपनीयता हा हक्क धरला जातो. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे: संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, रिपोर्टचा फोटो, पलंगावरचा व्हिडिओ, 'आयसीयूतून अपडेट' असं स्टेटस, हे विचारल्याशिवाय टाकू नका. तुमच्या फ्रेममध्ये शेजारच्या पलंगावरचा अनोळखी माणूसही येतो, त्याला तर कुणी विचारलेलंच नसतं. दवाखान्याच्या वेटिंगमध्येही तेच. कुणी ओळखीचं दिसलं तर 'तुम्ही इथे कशाला?' असं मोठ्याने विचारू नका. मान डोलवा, पुरे.

मग भेटायला जाऊच नये का? जावं की! सरकारी हॉस्पिटलमध्ये गेलात तर बघा, नातेवाईकच पळत असतात. सॅम्पल लॅबमध्ये दे, औषध आण, स्ट्रेचर ढकल. गावाकडून जीप भरून येणाऱ्या लोकांना आपण हसतो, पण ते त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेले असतात. माणसं हवीतच, फक्त पलंगाभोवती सगळ्यांनी एकदम नकोत. एक-दोघं आत, बाकीचे कामाला. आणि काही बिनसलं तर जमाव करून डॉक्टर-सिस्टरवर धावून जाणं, हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. शांतपणे प्रश्न विचारायला एक माणूस पुरतो.

आपल्यासारख्या तरुण पोरांनी करण्यासारखं तर खूप आहे. रात्री थांबा, म्हणजे जागून कंटाळलेला मुलगा किंवा सून चार तास झोपेल. पेशंटचा नाही, सोबत राहणाऱ्याचा डबा न्या. चार्जर न्या, लांब वायरचा. विम्याच्या कॅशलेसचे कागद घेऊन डेस्कवर बसा, पीडीएफ अपलोड करणं आपल्याला जमतं, काकांना नाही. पैशांची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र असतात, रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन त्यांना गाठा. आणि रक्त लागणार असेल तर रक्तदान करा. वय १८ च्या वर, वजन किमान ४५ किलो, तब्येत ठणठणीत, आणि आधीच्या रक्तदानाला पुरुषांना ९० दिवस, स्त्रियांना १२० दिवस झालेले हवेत.

आणि हे सगळं करायच्या आधी एक फोन. पेशंटला नाही, सोबतच्या माणसाला. तीन प्रश्न: येऊ का? कधी येऊ? काय आणू? 'नको' असं उत्तर आलं, तर ते मनाला लावून घ्यायचं नाही.

मावशीची ट्रीटमेंट पूर्ण झाली. अजून दर काही महिन्यांनी तपासणीला जावं लागतं, तेव्हा घरात सगळेच दोन दिवस गप्प गप्प असतात. हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी तिला विचारलं, तुझी गोष्ट सांगू का? ती म्हणाली, "सांग. माझं नाव नको. आणि या वेळी विचारलंस, बरं वाटलं."

तुमच्या घरी कुणी ॲडमिट असेल, तर हा भाग तुमच्या फॅमिली ग्रुपवर टाका. यात कुणाचा फोटो नाही, त्यामुळे बिनधास्त टाका. भेटू पुढच्या भागात. हात धुवा!